एकाच यंत्रातली अनेक बिऱ्हाडे

'हॅलो' हा शब्द आपल्याकडे टेलिफोनबरोबर आला. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या कितीतरी शाळकरी मुलांनी तो एका यंत्राला उद्देशून टाइप केला. यंत्र उलट सलाम करीत नसे, थेट नंबर विचारी. पण एखाद्याने हॅलो न म्हणताच भलतेसलते काही टाइप केले, तर कागदावर उमटे : 'कृपया हॅलो म्हणा.' यंत्राच्या पोटात हे वाक्य कोणीतरी जाणूनबुजून लिहून ठेवले होते. आधी सलाम, मग कलाम, हा रिवाज आपल्या घरांत मुलांना शिकवावा लागतो. तिथे तो यंत्र शिकवीत होते.

हे यंत्र म्हणजे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीचा पीडीपी-११ हा मिनी कॉम्प्युटर, आणि त्यावर चालणारी व्यवस्था म्हणजे आरएसटीएस-ई. रिसोर्स शेअरिंग टाइम शेअरिंग असे तिचे लांबलचक नाव. जाणकार मंडळी 'रिस्टस' म्हणून मोकळी होत. आम्हीही तेच म्हणू.

संगणकाचा इतिहास शाळेत दोन चित्रांत आटोपला जातो. एक खोलीएवढे यंत्र, दुसरे टेबलावरचे. या दोहोंच्या मधला काळ गाळला जातो. त्या काळात यंत्र एक होते आणि वापरणारे वीस, तीस, चाळीस. एका चाळीत अनेक बिऱ्हाडे नांदावीत तसे ते नांदत. स्वतःची खोली कोणती, सामाईक गॅलरी कोणती, कोणाच्या दारावर थाप मारायची नाही, हे कळल्याशिवाय त्या यंत्रात पाऊलही टाकता येत नसे. आज आपण ज्याला पासवर्ड, फाइल, परवानगी म्हणतो, त्या कल्पना अशा सामाईक यंत्रांतच घडल्या. म्हणून या चाळीतून एक फेरफटका मारावा असे आम्हांस वाटते.

'हॅलो' रिस्टसचा स्वतःचा नव्हे. तो डार्टमथ कॉलेजकडून आला. तिथले गणिताचे दोन प्राध्यापक, जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ, यांना गणित किंवा विज्ञान न घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या हातीही संगणक द्यायचा होता. त्यासाठी त्यांनी 'बेसिक' ही सोपी भाषा रचली आणि एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देणारी व्यवस्था विद्यार्थ्यांकडून बांधून घेतली. १ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास दोन वेगवेगळ्या टेलिटाइपवरून एकाच वेळी 'रन' हुकूम दिला गेला आणि दोघांनाही उत्तर मिळाले. 'हॅलो', 'ओल्ड', 'न्यू', 'लिस्ट', 'सेव्ह', 'बाय' हे हुकूम तिथले. रोजच्या बोलण्यातले शब्द निवडल्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला वाट शोधणे सोपे गेले. आमच्या वर्गातल्या मुलांना मात्र हे सहाही शब्द परकेच. पण सहा शब्द पाठ करणे आणि साठ शब्द पाठ करणे यांत फरक असतोच.

डार्टमथचे यंत्र मोठे आणि महागडे होते. शाळेला परवडेल अशा आकारात ही कल्पना आणली मिनी कॉम्प्युटरने. डिजिटल कंपनी १९५७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावी एका जुन्या लोकरीच्या गिरणीत सुरू झाली. मालेगाव-भिवंडीच्या वाचकांना हे ऐकून बरे वाटेल. १९६५ साली तिने पीडीपी-८ हे यंत्र १८,००० डॉलरला विकायला काढले. मोठी यंत्रे लाखो डॉलरची असताना ही किंमत थक्क करणारी होती. १९७० साली पीडीपी-११ आला. रिस्टस चालवणाऱ्या त्याच्या मोठ्या नमुन्यांतही स्मृती पाव मेगाबाइटच्या आतबाहेर असे, आणि आरके-०५ या तबकडीवर साधारण अडीच मेगाबाइट मजकूर मावे. मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही आज तेवढी जागा सहज अडवतो. तेवढ्यात पूर्ण वर्ग काम करी.

हे जमत असे कारण माणूस मंद असतो. मूल एक अक्षर शोधून दाबते, त्या वेळात यंत्र हजारो आकडेमोडी करते. तेव्हा यंत्राने क्षणाचा तुकडा एकाला द्यायचा, लगेच दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. स्मृतीत जागा नसेल तर ज्याची पाळी नाही त्याचे काम उचलून तबकडीवर ठेवायचे आणि पाळी आली की परत आणायचे. प्रत्येकाला वाटावे की यंत्र आपले एकट्याचे आहे. गर्दी वाढली की सगळ्यांचेच काम सारखे मंदावे.

आता आत जाऊ. समोर बहुधा टेलिटाइप असे. मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरे छापी आणि खडखडाट करी. त्यावर इंग्रजीची फक्त मोठी अक्षरे. उर्दूत आणि मराठीत मोठे-छोटे अक्षर हा भेदच नसल्याने आमची मुले इंग्रजीच्या तासाला त्यात हमखास अडतात. या यंत्रापुढे ती अडली नसती. कागदावर छापलेले पुसता येत नाही, म्हणून चुकलेले अक्षर खोडले की यंत्र ते दोन तिरप्या रेघांच्या मध्ये पुन्हा छापून दाखवी. चूक झाकण्याची सोय नव्हती.

हॅलोनंतर यंत्र खाते क्रमांक विचारी. तो दोन आकड्यांचा, मध्ये स्वल्पविराम. पहिला आकडा गटाचा, दुसरा माणसाचा. शाळेत पहिला वर्गाला आणि दुसरा विद्यार्थ्याला देता येई, हजेरीपटासारखा. मग पासवर्ड. तो टाइप करताना कागदावर उमटत नसे. काही चुकले तर 'नोंद ग्राह्य नाही, पुन्हा प्रयत्न करा' एवढेच उत्तर. क्रमांक चुकला की पासवर्ड, हे मुद्दाम सांगायचे नाही. जुळले की एकच शब्द छापून येई : 'रेडी'. यंत्र तयार आहे, बोला.

पुढे काय बोलायचे हे यंत्र आपणहून दाखवीत नसे. चित्रे नव्हती, यादी नव्हती. शब्द माहीत हवा. 'कॅट' म्हटले, म्हणजे कॅटलॉग, की आपल्या खात्यातल्या फाइली ओळीने छापल्या जात. फाइलीचे नाव सहा अक्षरांत बसवायचे, पुढे टिंब, त्यापुढे प्रकार सांगणारी तीन अक्षरे. 'ओल्ड' म्हणजे जुनी फाइल उघड, 'न्यू' म्हणजे कोरी पाटी. हुकूम कळला नाही तर यंत्र विचारी : 'काय?' आणि 'सिस्टॅट' म्हटले की चाळीत या घटकेला कोण कोण आहे, कोणत्या टेलिटाइपवर आहे आणि काय चालवतो आहे, याचा तक्ता येई. शेजाऱ्याच्या खिडकीत दिवा दिसावा तसे.

अशा यंत्रांची हुबेहूब नक्कल करणारे 'सिमएच' नावाचे सॉफ्टवेअर आहे. डिजिटलचेच एक माजी इंजिनिअर रॉबर्ट सप्निक यांनी १९९३ पासून ते वाढवले. त्यामुळे जुना रिस्टस आजच्या साध्या संगणकाच्या पोटातही चालतो. आम्ही तो आठवीच्या मुलांपुढे चालवून पाहिला. हॅलो टाइप झाल्यावर एका मुलीने विचारले, "सर, याने सलामचं उत्तर नाही दिलं, नंबर कसा विचारला?" आम्ही म्हटले, रेशन दुकानावरही तसेच असते. तिला पटले.

रिस्टसमधली आम्हांस सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे फाइलीच्या नावापुढे छापला जाणारा एक आकडा, बहुतेक वेळा ६०. हा परवान्याचा आकडा. माणसांचे तीन प्रकार मानले होते : मालक, मालकाच्या गटातले, आणि बाकी सारे. प्रत्येकाबाबत दोन बंद्या घालता येत, वाचायला बंदी आणि लिहायला बंदी. मालकाच्या स्वतःवरच्या बंद्यांची किंमत १ आणि २. गटावरच्या ४ आणि ८. बाकीच्यांवरच्या १६ आणि ३२. हव्या त्या बंद्यांची बेरीज करायची. ४, ८, १६ आणि ३२ मिळून ६०, म्हणजे माझ्याखेरीज कोणी वाचू नये, कोणी लिहू नये. ८ आणि ३२ मिळून ४०, म्हणजे सर्वांनी वाचावे, पण हात लावू नये. कोणतीही बेरीज घ्या, ती एकाच प्रकारे फुटते. द्विमान पद्धत फळ्यावर शिकवताना मुलांच्या चेहऱ्यावर जो कंटाळा दिसतो, तो या एका उदाहरणाने उतरतो. शिवाय आकडा ठरवणारा मालक असे. काय उघडे ठेवायचे आणि काय झाकायचे हा निर्णय तेरा वर्षांच्या मुलाने स्वतः घ्यायचा.

यंत्रात एक सामाईक कपाटही होते. [१,२] हे व्यवस्थेचे खाते. सर्वांच्या उपयोगाचे प्रोग्रॅम तिथे ठेवलेले असत आणि नावाआधी डॉलरचे चिन्ह लावले की कोणालाही ते चालवता येत. शाळांच्या दृष्टीने असे कपाट हीच खरी दौलत, असे आम्ही मानतो. एका शिक्षकाने लिहिलेला धडा त्यात ठेवला की जोडलेल्या सगळ्या शाळांना मिळे. डिजिटलमध्ये शिक्षणाचे काम पाहणाऱ्या डेव्हिड आल यांनी बेसिकमधले १०१ खेळ गोळा करून १९७३ मध्ये पुस्तक काढले. मुले ते पाहून टाइप करीत, बदलत, पुन्हा चालवीत.

याच काळातला एक किस्सा शिक्षकांनी ऐकण्यासारखा आहे. यंत्र दुसऱ्या कंपनीचे, ह्यूलेट-पॅकार्डचे, पण सलाम-निरोपाची रीत तीच. १९७१ साली मिनिआपोलिसमध्ये डॉन रॉविच हा अध्यापनाचा सराव करणारा विद्यार्थी आठवीला इतिहास शिकवत होता. बी.एड.चे पाठ देताना आम्ही जसे तक्ते रंगवले, तसा तो पश्चिमेकडे निघालेल्या गाडीवाल्या वसाहतकारांचा नकाशा घेऊन पुठ्ठ्यावरचा खेळ करीत होता. त्याचे दोन सोबती, बिल हायनमन आणि पॉल डिलनबर्गर, हेही शिकाऊ शिक्षकच, पण गणिताचे. ते म्हणाले, हा खेळ यंत्रावर घालू. थोड्याच दिवसांत प्रोग्रॅम तयार झाला आणि ३ डिसेंबर १९७१ रोजी वर्गात टेलिटाइप आणून मुलांना खेळायला दिला. नाव 'ओरेगॉन ट्रेल'. बैल किती घ्यायचे, धान्य किती, काडतुसे किती, हे मुलांनी ठरवायचे. शिकार करायची तर 'बँग' हा शब्द झटपट टाइप करायचा. मुले गटाने बसत. एक टाइप करी, एक हिशेब ठेवी. यंत्र सामाईक असल्यामुळे खेळ लवकरच शहरातल्या इतर शाळांतही खेळला जाऊ लागला.

सत्र संपले तेव्हा रॉविचने तो यंत्रातून काढून टाकला, पण आधी संपूर्ण प्रोग्रॅम कागदावर छापून घेतला. १९७४ मध्ये मिनेसोटाच्या शैक्षणिक संगणक संस्थेत नोकरी लागल्यावर त्याने तीच भेंडोळी काढून ओळीमागून ओळ पुन्हा टाइप केली, आणि राज्यभरच्या शाळांना खेळ मिळाला. जुनी पाठटाचणे रद्दीत घालणाऱ्या सहकाऱ्यांना आम्ही हा किस्सा नेहमी सांगतो.

चाळ म्हटली की दुसऱ्याच्या दाराला कान लावणारेही आले. १९७९ मध्ये केव्हिन मिटनिक हा सोळा वर्षांचा मुलगा डिजिटलच्या 'आर्क' नावाच्या यंत्रात शिरला. रिस्टस घडवण्याचे काम त्याच यंत्रावर चाले. कुलूप फोडावे लागले नाही. फोनवर आपण आतलेच आहोत असे भासवून त्याने प्रवेश मिळवला आणि पुढे सॉफ्टवेअरची नक्कल केली. नंतर त्याला शिक्षा झाली. ६० चा आकडा कितीही पक्का असला तरी चावी देणारा माणूसच असतो. बँकेतून बोलतोय म्हणणारे फोन ज्यांना येतात त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे सामान्य माणसाची या घराण्याशी गाठ पडली ती रेल्वेच्या खिडकीवर. पीडीपी-११ च्या पुढच्या पिढीचे, त्याच कंपनीचे व्हॅक्स यंत्र १९८५-८६ मध्ये नवी दिल्लीच्या आरक्षण केंद्रात बसले. प्रणाली सीएमसी या सरकारी कंपनीने रचली. पुढच्या काही वर्षांत मुंबईसह इतर महानगरांत ती पोहोचली. तोवर प्रत्येक गाडीचे रजिस्टर वेगळे आणि रांगही वेगळी. आता कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट. दोन खिडक्यांवरचे दोन कारकून एकाच क्षणी एकच बर्थ मागतात, तेव्हा यंत्राने तो एकालाच द्यायचा आणि दुसऱ्याला थांबवायचे. चाळीचा जुना कायदा इथे कामी आला.

१९८० च्या दशकात टेबलावरचे संगणक स्वस्त झाले आणि ज्याला त्याला स्वतंत्र खोली मिळाली. आमच्या मते त्यात एक नुकसानही झाले : कपाट गेले. आम्ही अशी शाळा पाहिली आहे जिथे दहा संगणक आले, दहाही एकमेकांशी न जोडता बसवले गेले, आणि एका शिक्षकाने केलेला धडा शेजारच्या वर्गात फ्लॉपीवरून न्यावा लागे. खोलीला कुलूप होते ते निराळेच. जुन्या व्यवस्थेच्या खुणा मात्र राहिल्या. नावापुढे टिंब आणि तीन अक्षरे ही डिजिटलच्या यंत्रांतली रीत आधी सीपीएम आणि मग डॉसमध्ये गेली. ज्यांनी एमएस-सीआयटीच्या आधीचे डॉसचे वर्ग केले त्यांना आठ अक्षरांत नाव बसवण्याची कसरत आठवेल. रिस्टसची शेवटची आवृत्ती १९९२ ची. १९९८ मध्ये डिजिटल कंपनी कॉम्पॅकने घेतली, आणि २००२ मध्ये कॉम्पॅक ह्यूलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली.

बाहेर पडण्याची रीत सांगायची राहिलीच. 'बाय' म्हटले की यंत्र लगेच सोडत नसे. 'नक्की?' असे विचारी. 'वाय' दाबले तर ते खाते तपासी. ठरवून दिलेल्या जागेपेक्षा तुमच्या फाइलींनी जास्त जागा अडवली असेल, तर किती जास्त तो आकडा छापून यंत्र तुम्हांला थांबवून धरी. आधी पसारा आवरा, मग जा. 'आय' दाबले की एकेक फाइल पुढे येई, ठेवायची की काढायची ते सांगायचे. सगळे आटोपले की किती वेळ बसलात आणि त्यातला यंत्राचा खरा वेळ किती खर्चलात याचा हिशेब छापून येई. तास तुमचा आणि यंत्राचे काही सेकंद, असाच तो बहुधा असे. त्याखाली घड्याळ पाहून 'गुड मॉर्निंग' नाहीतर 'गुड आफ्टरनून'. मग कागद फाडून घ्यायचा आणि मागे उभ्या असलेल्याला खुर्ची द्यायची.