नकाशावरची रेघ आणि मताचा हक्क

गेल्या वेळी आपण मताधिकार कुणाला असावा यावर बोललो. आज प्रश्न थोडा वेगळा आहे. हक्क मिळाला, पण मतदारसंघच नसेल तर काय?

यासाठी आपण कॅनडाच्या उत्तर टोकाला जाऊ. तिथल्या इनुइट लोकांचा संघीय मताधिकार १९३४ च्या कायद्याने काढून घेतला गेला. १९५० मध्ये तो परत मिळाला. कागदावर प्रश्न मिटला! पण नकाशा पाहा. १९४९ च्या निवडणुकीत युकॉनला फक्त पश्चिमेकडचा मॅकेन्झी जिल्हा जोडलेला होता. १९५३ मध्ये 'मॅकेन्झी रिव्हर' हा स्वतंत्र मतदारसंघ झाला. बॅफिन बेट, हडसन उपसागराचा पश्चिम किनारा हे सगळे रेघेच्या बाहेरच राहिले. म्हणजे तिथल्या माणसाला हक्क होता, पण त्याचं मत कुठल्या उमेदवाराला पडणार? कुणालाच नाही. सगळे वायव्य प्रदेश एका मतदारसंघात आले ते १९६२ मध्ये. पूर्व आर्क्टिकच्या वस्त्यांत मतपेट्या पोचल्या त्याही त्याच वर्षी. बारा वर्षं हक्क नुसता कायद्याच्या पुस्तकात पडून होता.

पुढे १९७९ च्या निवडणुकीत या अवाढव्य मतदारसंघाचे दोन भाग झाले. पूर्वेकडच्या भागाचं नाव 'नुनात्सियाक', म्हणजे सुंदर भूमी. तिथून पीटर इटिनुआर निवडून आले. कॅनडाच्या संसदेतले ते पहिले इनुइट खासदार. रेघ बदलली आणि पहिल्याच निवडणुकीत हे घडलं, हे लक्षात घ्या. पुढे मतदारसंघाचं नाव 'नुनावुत' झालं, म्हणजे आमची भूमी. १ एप्रिल १९९९ रोजी त्याच नावाचा स्वतंत्र प्रदेशही अस्तित्वात आला.

आता आक्षेप घेऊ, आणि तो खरा आहे. २०२१ च्या जनगणनेत नुनावुतची लोकसंख्या ३६,८५८ होती. नव्या रचनेत देशात ३४३ जागा आहेत, म्हणजे सरासरी जागेमागे सुमारे १ लाख ८ हजार माणसं. मग इथलं एक मत शहरातल्या जवळपास तीन मतांइतकं झालं नाही का? समतेचं काय?

१९९१ मध्ये सस्कॅचवान प्रांताच्या मतदारसंघांबाबत कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की मताधिकाराचा गाभा 'प्रभावी प्रतिनिधित्व' हा आहे. संख्येची समता ही त्याची पहिली अट, पण एकमेव नाही. भूगोल, इतिहास, समाजाचे हितसंबंध यांनाही जागा आहे. नुनावुतच्या पंचवीस वस्त्यांना जोडणारा एकही रस्ता नाही. खासदाराने जायचं ते विमानानेच.

आम्हाला वाटतं, न्यायालयाचं म्हणणं बरोबर आहे, पण धोक्याचंही आहे. 'भूगोल' म्हणत कुणीही आपल्या सोयीची रेघ ओढू शकतो. म्हणून प्रत्येक सवलतीला आपण एकच प्रश्न विचारावा: या रेघेमुळे आजवर बाहेर असलेला माणूस आत येतो, की आधीच आत बसलेल्याची जागा पक्की होते?

उत्तर तुम्ही आपापल्या नकाशावर शोधा. पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू.