'नेसणे' आणि 'घालणे' : मराठवाड्यातील रेशमी वस्त्रे व पाश्चात्त्य बेतणी

प्रस्तावना

लातूर जिल्ह्यातील रेणापूर हे रेणुकादेवीचे स्थान १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. देवीची ओटी भरताना साडी व खण ही दोन वस्त्रे वाहण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. साडी अखंड राहते, तर खण चोळी शिवण्यासाठीच विणलेला असतो. मराठी भाषेनेही हा भेद जपला आहे. साडी 'नेसतात', चोळी 'घालतात'. पारंपरिक रेशमी वस्त्रे व पाश्चात्त्य धर्तीचा पोशाख यांचा मेळ मराठवाड्यात कसा बसला, हे या भेदाच्या आधारे स्पष्ट होते.

हिमरू आणि शेरवानी

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) हे हिमरूचे प्रमुख केंद्र होय. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादेस हलविली, तेव्हा तिच्याबरोबर विणकर आले, अशी परंपरागत समजूत आहे. हिमरूत सुती ताण्यावर रेशमी धाग्याची नक्षी उठविली जाते. मशरू या वस्त्रात रेशीम वर व सूत अंगाच्या बाजूस असते. निव्वळ रेशीम वर्ज्य मानणाऱ्या मुस्लिम पुरुषांना ते वापरता येई. ही दोन्ही कापडे वारावर विकली जात. त्यांना पदर नसल्याने आणि नक्षी पुनःपुन्हा येत असल्याने कात्री लागली तरी त्यांची शोभा उणावत नसे.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय फ्रॉक कोटाची बेतणी व देशी अचकन यांच्या संयोगातून शेरवानी घडली. उभी कॉलर, समोरची बटणे व अंगाबरोबर बसणारी शिवण यांमुळे ती आधुनिक वाटे. हैदराबादच्या दरबारी व सुशिक्षित समाजात तिला प्रतिष्ठा लाभली. हिमरूची शेरवानी म्हणजे दख्खनी कापडाने पाश्चात्त्य बेतणीशी केलेली तडजोडच होती. मात्र सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर संस्थानी दरबार लयास गेला. शेरवानी समारंभापुरती उरली, यंत्रमागाची स्पर्धा वाढली आणि हातमागावरील हिमरूचा आधारच खचला.

पैठणीची वेगळी वाट

पैठणीची रचना मुळातच भिन्न आहे. तिच्या काठ-पदरातील मोर, मुनिया, आसावली इत्यादी आकृती निरनिराळ्या रंगांच्या धाग्यांची गुंफण करून हाताने भरल्या जातात. नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. पदर कोठे येणार हे मागावरच ठरते, म्हणून पैठणी कापणे म्हणजे तिची रचनाच मोडणे होय. परिणामी पाश्चात्त्य प्रभाव साडीवर न येता तिच्यासोबतच्या वस्त्रावर आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चोळीच्या जागी लांब बाह्यांचे पोलके व पुढे ब्लाऊज आला. पैठणी मात्र अखंड राहिली. संस्थाने विलीन झाल्यावरही विवाहविधीतील स्थानामुळे तिची मागणी टिकली.

आजची स्थिती

अलीकडे पैठणीचे जाकीट, कोट, जीन्सवरील कुर्ती अशा वस्त्रांची चलती आहे. यात दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. शिवण्यासाठीच विणलेले पैठणी कापड वापरल्यास विणकरास नवे काम मिळते. २०१० साली मिळालेल्या भौगोलिक निर्देशांकाच्या नोंदीतही साडीबरोबर कापडाचा समावेश आहे. परंतु जुन्या पैठणीचा पदर कापून जाकीट शिवल्यास कित्येक महिन्यांच्या श्रमाचा दस्तऐवज कायमचा नष्ट होतो. विणकरास त्यातून काहीच मिळत नाही. यंत्रमागावरील नकली काठ लावल्यास तर त्याचे नुकसानच होते.

समारोप

हिमरूने पाश्चात्त्य बेतणी सहज स्वीकारली. पण एका वर्गाच्या एका पोशाखावर विसंबल्याने त्या वर्गाच्या ऱ्हासाबरोबर तिचाही ऱ्हास झाला. पैठणी बेतणीपासून दूर राहिली आणि व्यापक लोकाचारामुळे टिकली. यावरून पाश्चात्त्य पोशाखाशी मेळ घालणे हे स्वतः घातक वा तारक नसते, असे दिसते. कापड कशासाठी विणले गेले आणि त्याचा ग्राहकवर्ग किती व्यापक आहे, यावर त्याचे भवितव्य ठरते. 'नेसण्याचे' वस्त्र 'घालण्याचे' करताना विणकराच्या मागापासून सुरुवात व्हावी, शिंप्याच्या कात्रीपासून नव्हे.