मागचा डावा दरवाजा

आमच्या छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जुन्या औरंगाबादला, बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभारला. जवळच्या दौलताबाद किल्ल्याच्या दरवाजांवर लोखंडी खिळे आहेत. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ते ठोकलेले. दरवाजाचं काम एकच : बाहेरच्याला आत येऊ द्यायचं नाही.

मोटारीचं लॉक मात्र उलट भीतीतून सुधारत गेलं. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात अपघातांचा अभ्यास झाला. धडकेत दरवाजा उघडून बाहेर फेकल्या गेलेल्या माणसाच्या जिवाला जास्त धोका, हे त्यातून दिसलं. १९५६ च्या मॉडेलमध्ये फोर्डने दरवाजाची पकड मजबूत केली. १९६८ पासून तिथे दरवाजांच्या लॉकसाठी सरकारी नियमच लागू झाला. दरवाजा लावताना तुम्हाला दोन ‘खट्’ ऐकू येतात ना? पहिला अर्धवट पकडीचा, दुसरा पूर्ण. दरवाजा नीट लागला नाही तरी तो सताड उघडू नये, यासाठी ती मधली पायरी. आतल्याला बाहेर पडू द्यायचं नाही, पण त्याने हँडल ओढलं की लगेच सोडायचं, अशी दुहेरी जबाबदारी या लॉकवर आहे.

आमच्या घरच्या जुन्या गाडीचं लॉक पहिली जबाबदारी चोख पाळत होतं, दुसरी विसरलं होतं. मागचा डावा दरवाजा उघडेना. घरात लगेच तोडगा निघाला : उजवीकडून उतरा. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे उजवा दरवाजा उघडतो तो वाहत्या रस्त्यावर. जालना रोडवर संध्याकाळी सत्तरीच्या आत्याला त्या बाजूने उतरताना पाहिलं, आणि हा तोडगा मला मान्य होईना.

ज्या मामूंकडे गाडी नेली, त्यांनी लॉक बदलायचं नावही काढलं नाही. आधी विचारलं, बाहेरून उघडतो का? आतून उघडत नसेल आणि बाहेरून उघडत असेल, तर मुलांसाठीचं लॉक लागलेलं असू शकतं. दरवाजाच्या कडेला त्याची छोटी कळ असते. आमचा दोन्हीकडून बंद. मग मी बाहेरचं हँडल ओढून धरलं, त्यांनी आतली खुंटी वरखाली करत लॉकच्या जागी तळहाताने थापा मारल्या. बऱ्याच वेळाने दरवाजा सुटला.

आतलं पॅनल काढल्यावर कारण दिसलं. खांबावरच्या कडीला पकडणारा काटा असतो, काट्याला अडवून धरणारा खटका असतो आणि हँडल ओढलं की रॉड तो खटका उचलतो. जुनं ग्रीस आणि मराठवाड्याची धूळ यांचा मिळून चिकट गोळा झाला होता. खटका हलायलाच तयार नव्हता. मागचा दरवाजा कमी वापरला जातो, म्हणून तो आधी आखडतो. मामूंनी जुनं ग्रीस विरघळवून पुसून काढलं, कोरडं केलं, मग नव्या ग्रीसचा पातळ हात दिला. जास्त ग्रीस म्हणजे जास्त धूळ.

सगळ्यात कामाची गोष्ट पुढे होती. दरवाजा लावण्याआधी, तो उघडा असतानाच, त्यांनी स्क्रूड्रायव्हरने काटा दाबला. दोन ‘खट्’ झाले. मग आतलं आणि बाहेरचं, दोन्ही हँडलं ओढून काटा सुटतोय हे पाहिलं. ही तपासणी न करता दरवाजा लावला असता, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला, शेंद्र्यात २००१ मध्ये स्कोडाची जुळणी सुरू झाली. आमच्या शहराचा वाहनांचा इतिहास सांगताना ही नावं येतात. जुन्या गाड्या ज्यांच्या हातांनी चालत्या राहिल्या, ते गल्लीतले कारागीर त्यात क्वचितच येतात. मला ते यायला हवेत असं वाटतं. तोवर एवढं करा : घरच्या गाडीत मागच्या सीटवर बसा आणि डावा दरवाजा आतून उघडून बघा.