स्फोटानंतरचे जनमत

मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. ३ डिसेंबरला गेटवे ऑफ इंडियापाशी हजारो लोक जमले. त्यांचा राग अतिरेक्यांइतकाच राजकारण्यांवर होता. त्याच महिन्यात संसदेने राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा आणि यूएपीए कायद्यातील दुरुस्ती संमत केली. आरोपपत्राविना कोठडी १८० दिवसांपर्यंत वाढवता येऊ लागली. जनमताचा हवाला देऊन असे निर्णय होतात, म्हणून ते जनमत मोजले कसे, हे विचारणे भाग आहे.

त्या काळात वाहिन्या एसएमएसने कौल मागवत. स्वतःहून उत्तर देणारे सर्वांचे प्रतिनिधी नसतात, हा धडा तर १९३६ सालीच मिळाला होता. अमेरिकेतील ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. २३ लाखांवर परत आल्या, त्यांवरून रूझवेल्ट हरणार असे भाकीत झाले आणि रूझवेल्ट प्रचंड मताधिक्याने निवडून आले.

शास्त्रशुद्ध पाहणीलाही मर्यादा आहेत. २,००० जणांच्या यादृच्छिक नमुन्यात आकडा सुमारे २ टक्के इकडेतिकडे होऊ शकतो. पण देशभरातल्या अशा नमुन्यात लोकसंख्येच्या प्रमाणात महाराष्ट्रातले १८५ च्या आसपास लोक येतात. तेवढ्यांपुरती हीच तफावत ७ टक्क्यांवर जाते. तरीही ‘महाराष्ट्राला काय वाटते’ असे मथळे सजतात.

गणितात न मावणारी अडचण मला सांगवीत दिसते. मुळेपलीकडे औंध, इकडे पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत पाळ्या करणारे, भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगार. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कातील जर्मन बेकरीत स्फोट होऊन १७ जणांचा मृत्यू झाला. अशा घटनांनंतर भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचा तगादा वाढतो. त्या दिवसांत कोणी परका माणूस कागद घेऊन दारात आला आणि ‘दहशतवादाविरुद्ध आणखी कडक कायदा हवा का?’ असे विचारू लागला, तर परप्रांतीय कंत्राटी कामगार किंवा मुसलमान भाडेकरू काय म्हणेल? बहुधा ‘हो’. ते त्याचे मत असेल किंवा सावधगिरी. तक्त्यात दोन्ही एकाच रकान्यात पडतात. दुपारपाळीला गेलेला तर मोजलाच जात नाही.

मग मतपेटीवर विसंबावे का? ३० एप्रिल २००९ रोजी मुंबईने मतदान केले. हल्ला झेललेल्या दक्षिण मुंबईत ते सुमारे ४० टक्केच झाले आणि शहरातील सहाही जागा सत्ताधारी काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीला मिळाल्या. यावरून लोक हल्ला विसरले असे म्हणता येत नाही. मनसेने युतीची मते फोडली होती, शिवाय माणूस मत देताना पाणी, नोकरी, जात असे बरेच काही तोलतो. भीती किती आहे आणि त्या भीतीपोटी सरकारला काय करू द्यावे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

म्हणून अशा पाहणीत मी टक्केवारीआधी चार गोष्टी शोधतो: प्रश्नाचे नेमके शब्द, घटनेनंतर किती दिवसांनी विचारला, कोणत्या भाषेत व कोणासमोर विचारला, आणि उत्तर नाकारणारे किती. ज्या अहवालात हे छापलेले नाही, त्याच्या आधाराने कोणाची कोठडी वाढवू नये.