येडशीचा घाट आणि एंजिनाचे पाणी

धाराशिव जिल्ह्यातील येडशी हे गाव बहुतेकांस रामलिंगाच्या देवस्थानामुळे आणि १९९७ साली अभयारण्य म्हणून राखलेल्या तेथील रानामुळे परिचित आहे. परंतु यंत्रांच्या इतिहासातही या गावास स्थान द्यावयास हवे. बालाघाटाची चढण येथे प्रथम आगगाडी चढली, मागाहून मोटार. आणि दोघींच्याही चालकांस मुख्य चिंता एकाच वस्तूची होती. ती वस्तू म्हणजे पाणी. मात्र एकीने पाण्याविषयी जे शिकविले, ते दुसरीच्या बाबतीत जसेच्या तसे लागू पडत नाही. हा भेद न कळल्यामुळे आजही पुष्कळ चांगल्या मोटारी अकाली निकामी होतात.

बार्शी लाइट रेल्वे ही एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज स्थापत्यविशारदाची कृती. अवघ्या अडीच फूट रुंदीचा हा मार्ग १८९७ साली आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत खुला झाला. १९०७ साली तो येडशीवरून तडवळ्यास गेला आणि १९११ साली लातुरास पोहोचला. लीड्सच्या किट्सन कारखान्याने या मार्गासाठी प्रथम जी एंजिने बांधली, ती आपले पाणी अंगावरच्याच टाक्यांत वाहून नेत. बाष्पयंत्राचे कार्यच असे, की पाण्याची वाफ करावी, तिच्याकडून काम घ्यावे आणि ती धुराड्यावाटे सोडून द्यावी. तेथे पाणी खर्च होणे हा रोग नव्हे. तो उद्योगच होय. म्हणून चालक व फायरमन यांची दृष्टी सदैव बॉयलरच्या काचनळीवर खिळलेली असे. त्या नळीत पाण्याची पातळी प्रत्यक्ष दिसे. तिकडे दुर्लक्ष झालेच, तर भट्टीच्या छतात बसविलेले शिशाचे बूच वितळून वाफ आत सुटे आणि संकटाची वर्दी देई.

मोटारीचा आरंभही याच रीतीने झाला. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत पाणी उकळून उडून जात असे. १८८८ साली बर्था बेंझ ही गाडी घेऊन दूरच्या प्रवासास निघाली, तेव्हा तिला वाटेत वारंवार पाणी भरावे लागले. पुढे १९०१ च्या मर्सिडीजसाठी मायबाखने मधाच्या पोळ्यासारख्या जाळीचा रेडिएटर योजला आणि तेच पाणी फिरवून फिरवून थंड करण्याची रीत रूढ झाली. त्यानंतर दाबाचे झाकण आले. समुद्रसपाटीस १०० अंशांवर उकळणारे पाणी दोन हजार फूट उंचीवर ९८ अंशांच्या सुमारास उकळते. परंतु बंद झाकणाखालील दाबामुळे ते शंभराच्या बरेच पलीकडेही उकळत नाही. या बंदिस्त व्यवस्थेत पाणी कमी होण्याचे काही कारण उरले नाही. तरीही ‘घाट लागला की पाणी घाला’ हा जुन्या काळचा नेम मात्र उरला.

टर्बो आल्यावर हा नेम अधिकच घातक ठरला. वाया जाणाऱ्या धुराच्या जोराने चक्र फिरवून एंजिनात अधिक हवा कोंबण्याची ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूकी याने १९०५ साली नोंदविली. आपल्याकडे टाटा सफारी १९९८ साली टर्बो डिझेल एंजिनासह आली, आणि अशा एंजिनांच्या कितीतरी मोटारी आज जुन्या झाल्या आहेत. घाटात टर्बो एंजिनाकडून अधिक शक्ती मिळते, तशीच अधिक उष्णताही उत्पन्न होते.

अशी मोटार तापू लागली, तर पहिला प्रश्न हा विचारावा: आधी कूलंट घटले, की आधी ताप चढला? कूलंट पुरेसे असून मोटार गावच्या गर्दीत तापते व मोकळ्या रस्त्यावर निवते, तर पंख्याकडे पाहावे. वेगात अगर चढणीवर तापते, तर रेडिएटर कोंदलेला असण्याचा संभव अधिक; विंधणविहिरीच्या जड पाण्याने आत क्षार साचतात. थर्मोस्टॅट अडकला असेल, तर कूलंट न घटताच ताप चढतो. परंतु कूलंट आधी घटत असेल, तर गळती शोधलीच पाहिजे. रबरी नळ्या, वॉटर पंप आणि झाकण ही तिची उघड स्थाने. पुष्कळ पेट्रोल टर्बोंस कूलंटच्या बारीक नळ्या जोडलेल्या असतात. त्या उष्णतेने कडक होऊन झिरपतात, थेंब तापल्या धातूवर सुकून जातो आणि जमिनीवर काहीच दिसत नाही. उरतो तो केवळ एक वाळका डाग. डिझेल मोटारीत ई. जी. आर.चा कूलर आतून फुटला, तरीही बाहेर खूण राहत नाही. गाडी थंड असताना सुरू करताच वरची नळी लगेच ताठ होणे, टाकीत बुडबुडे सतत येणे, पांढरा गोडसर वासाचा धूर निघणे, ही हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे होत. थंड एंजिनावर दाब देऊन केलेली परीक्षा यांपैकी बहुतेकांचा निवाडा करते. तापलेले झाकण मात्र कदापि उघडू नये.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. जुन्या फायरमनला पाणी दिसे. मोटार हाकणाऱ्यास केवळ तापाचा काटा दिसतो. पाणी संपल्यावरही तो काटा पुष्कळदा खाली येतो, कारण त्याचा संवेदक पाण्याऐवजी वाफेत लोंबत असतो. चालकास वाटते, संकट टळले. त्याच वेळी हेड वाकत असते. ज्याने दर घाटाच्या पायथ्याशी तांब्याभर पाणी ओतले, त्याने रोग बरा केला नाही. रोगाचा पुरावा तेवढा धुऊन टाकला.

बार्शी लाइट १९५४ साली सरकारने विकत घेतली. पुढे २००८ साली कुर्डुवाडी–लातूर हा सर्व मार्ग रुंद झाला. त्या काचनळ्या गेल्या, पण त्यांची शिस्त जावयास नको होती. सकाळी गाडी थंड असता टाकीवरील रेषा पाहावी, पातळी तारखेसह लिहून ठेवावी आणि ती घटली तर, बोटभर का होईना, कारण सापडेपर्यंत मुलाबाळांसह घाटाचा रस्ता धरू नये.