वऱ्हाडच्या साहित्यातील खलत्वाचे स्थलांतर

खलपुरुष हा नाट्यसंघर्षाचा केवळ उपकारक घटक नसतो. अनिष्टाचे मूळ कोठे आहे, याविषयीची कालसापेक्ष धारणा त्याच्यातून व्यक्त होते. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'तील (१९०७) कीचकात प्रेक्षकांनी कर्झन पाहिला. १९१० मध्ये सरकारने या नाटकावर बंदी घातली. अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांनी 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' (१९१३) या शीर्षकातच राक्षसत्व व्यक्तीकडून वृत्तीकडे नेले. 'रणदुंदुभी'त (१९२७) पारतंत्र्य हाच नाट्यविषय झाला. उद्धव शेळके यांच्या, वऱ्हाडी बोलीतील संवादांच्या, 'धग'मध्ये (१९६०) तर खलपुरुषच उरत नाही. कौतिकचा झगडा दारिद्र्याशी, महादेवच्या दुबळेपणाशी आणि महारोगाशी आहे. कीचकाचा वध करता येतो, दारिद्र्याचा नाही. खलनाशातून मिळणारे समाधान 'धग' वाचकाला नाकारते. तिची शोकात्मता तेथेच आहे.