गालगादी : एक दुरुस्ती

मागच्या स्मरणिकेत एन.सी.सी.वर मी एक पान लिहिलं होतं. १९९४ च्या लातूर कॅम्पमध्ये आपल्या मुलींच्या तुकडीने फायरिंगमध्ये दुसरा नंबर काढला, आणि रायफलच्या दस्त्याला बांधायची गादी 'सरांच्या कल्पनेतून तयार झाली', असं त्यात छापलं आहे. ते चूक आहे, आणि चूक माझीच आहे. गेल्या दिवाळीत माहेरी पत्र्याची ट्रंक आवरताना ती गादी हाताला लागली. उलटी केली तर आतून शिवणाच्या तासाचं निळ्या फुलांचं पॉपलिन, ज्याच्यावर आपण सगळ्यांनी काजं केली होती. सरांचा संबंध इतकाच की त्यांनी परवानगी दिली.

आता मुळातून सांगते, कारण वर्गातल्या निम्म्या जणांना गादी कशाला लागते हेच माहीत नसणार.

रायफल खांद्याला लावली की गाल दस्त्यावर टेकतो, आणि डोळा किती उंचीवर राहणार हे त्या टेकण्यावर ठरतं. डोळा, बॅकसाइटची खाच आणि फोरसाइटचं टोक एका रेषेत यायला हवं. दोन्ही साइटमध्ये अर्धा मीटर अंतर धरा. टोक खाचेत एक मिलिमीटर वर-खाली दिसलं, तर पंचवीस यार्डांवर गोळी साडेचार सेंटिमीटर सरकते. हा हिशेब मी आत्ता मांडला. तेव्हा एवढंच कळत होतं की आपल्या पाच गोळ्या पाच दिशांना जातात. दस्ता मोठ्या माणसाच्या चेहऱ्यासाठी घडवलेला. आम्ही नववीतल्या मुली. गाल टेकवला की डोळा खाचेच्या खाली जायचा, म्हणून आम्ही गाल उचलायचो, आणि उचललेला गाल दोनदा एकाच जागी राहत नाही. बटालियनचे उस्ताद ओरडायचे, "गाल चिपकाके रखो!" चिकटवला तर दिसायचं नाही, दिसायला लागलं तर चिकटायचा नाही.

सैन्याला हा प्रश्न ठाऊक नव्हता असं नाही. जपानी तोड्याच्या बंदुकीचा दस्ता इतका आखूड असे की ती खांद्याला न टेकवता गालाशी धरूनच झाडत. इंग्रजांच्या थ्री-नॉट-थ्री ली-एनफिल्डचा दस्ता तर चार लांब्यांत मिळायचा : लांब, नेहमीचा, आखूड आणि त्याहून आखूड 'बँटम'. पहिल्या महायुद्धात पाच फूट तीन इंचांहून बुटक्या सैनिकांच्या पलटणींनाही हेच नाव होतं. म्हणजे सैनिकाच्या हाताचं माप घेतलं गेलं, गालाचं नाही. गालाचा विचार आला तो दुर्बिणीमुळे. दुर्बीण साइटपेक्षा उंच बसते, डोळा वर न्यावा लागतो. म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या नेमबाजांच्या 'नंबर फोर टी' या ली-एनफिल्डच्या दस्त्यावर लाकडी गालटेकू स्क्रूने बसवला. अमेरिकनांच्या गॅरंड रायफलमध्ये काडतुसांची क्लिप वरून भरायची, तेव्हा दुर्बीण मधोमध बसेना. ती डावीकडे सरकवली आणि नेमबाजाचा चेहराही डावीकडे सरकावा म्हणून दस्त्याला चामड्याची गादी वादीने आवळून बांधली. ही गादी शिवलेली होती. ती कुणी शिवली ते शस्त्रांच्या पुस्तकांत सापडत नाही. दुर्बीण कुणी बनवली ते मात्र सापडतं.

आपल्याकडे मुलींच्या हातात रायफल आली त्याचाही थोडा इतिहास आहे. एन.सी.सी. सुरू झाली १५ जुलै १९४८ ला. त्या दिवशी नांदेड भारतात नव्हतं. निजामाचं राज्य संपायला १७ सप्टेंबर उजाडावा लागला. मुलींचा विभाग निघाला पुढच्या वर्षी, १९४९ मध्ये. पण मराठवाड्यातली बाई शस्त्राला तेव्हा पहिल्यांदा शिवली असं कुणी समजू नये. जालन्याकडच्या दगडाबाई शेळके मुक्तिसंग्रामात शस्त्र घेऊन उतरल्या, त्या कुठल्याही कॅम्पला न जाता. (आपल्या इतिहासाच्या पुस्तकात त्या मला भेटल्याचं आठवत नाही.)

तर, गादी. शिवणाच्या तासाला मी बाकावर लाकडी फूटपट्टी धरून शेजारणीला गाल उचलायची युक्ती दाखवत होते. बाईंनी कान पकडण्याऐवजी विचारलं, "अगं, मान अशी का वाकडी करतेस?" मी सांगितलं. शनिवारी उस्ताद रायफल घेऊन आले तेव्हा बाई गळ्यात टेप अडकवून मैदान ओलांडून आल्या. आपल्या शाळेत शिवणाच्या बाई मैदानावर आल्याचं ते एकच उदाहरण. मला पालथं झोपवलं, गालाखाली वर्तमानपत्राची घडी ठेवली, आणि "दिसलं की सांग" म्हणत एकेक घडी वाढवत गेल्या. दिसलं तेव्हा टेपने जाडी मोजली : पाऊण इंच. माझ्यामागची उंच होती, तिला पाव इंच पुरला. बाई म्हणाल्या, "एका मापाची शिवून चालायची नाही."

पहिली गादी त्यांनी सरकी काढलेल्या कापसाची केली. आपल्या भागात दुसरं काय सुचणार? दिसायला वाकळीसारखी देखणी, आडव्या-उभ्या धावदोऱ्याची. पण कापूस दबतो. पहिल्या गोळीला पाऊण इंच असलेली गादी पाचव्या गोळीला अर्ध्यावर यायची, आणि गोळ्या एकाखाली एक उतरत जायच्या. उस्ताद हसले. बाईंनी ती उसवली.

दुसरी गादी कांबळ्याची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्यानंतर शाळेने घरोघरून कपडे आणि पांघरुणं गोळा केली होती, आठवत असेल. कसर लागलेलं एक कांबळं पाठवण्याजोगं नव्हतं म्हणून भांडारात पडून होतं. बाईंनी त्याच्या पट्ट्या कापल्या. आत पॉपलिन, बाहेर खाकी ड्रिल असा खिसा शिवला, वरून उघडा. जिची पाळी तिने आपल्या पट्ट्या आत सरकवायच्या : मला सहा, उंच मुलीला दोन. पट्ट्या दबत नाहीत, आणि मोजता येतात. आमच्या धंद्यात अशा सोयीला मोठी नावं आहेत. बाईंनी ड्रिलचे चार पदर दाभणाने टोचून घेतले आणि मेणाचा दोरा ओढला. शिवण कडेला घेतली, गालाखाली येऊ दिली नाही. खिळा, डिंक, काही नाही. रायफल सरकारी, कोतमध्ये परत जायची. खालून फक्त नाड्या बांधायच्या, आणि त्यांच्या गाठी उजवीकडे, कारण डावीकडे गाल.

लोहा, अहमदपूर, चाकूर करत एस.टी.ने आम्ही लातूरला गेलो तेव्हा ती माझ्या मांडीवर होती. फायरिंगच्या दिवशी एका अधिकाऱ्यांनी ती पाहून विचारलं, "हे काय, बाळाची उशी?" सगळे हसले, आम्हीही हसलो. सरांनी बांधायची परवानगी मिळवली, हे खरं. दुसरा नंबर आल्यावर त्याच अधिकाऱ्यांनी विचारलं, ही कुणाची कल्पना. मी पुढे उभी होते. मी म्हणाले, "सरांची." भीतीने नाही. रायफलच्या गोष्टीत शिवणाच्या बाईंचं नाव घ्यायची मला लाज वाटली. पुढे हेच वाक्य इतक्यांदा सांगितलं की स्मरणिकेत लिहिताना ते मला खरंच वाटत होतं. फोटोत सर आहेत, ढाल आहे, आम्ही आठ जणी आहोत.

नंतर अंजली भागवत एन.सी.सी.तून पुढे येऊन सिडनीच्या अंतिम फेरीत पोचली, २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत विश्वविजेती झाली, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेने कांस्य घेतलं. त्यांच्या रायफली टीव्हीवर दिसल्या की मी आधी दस्ता बघते. गालाची पट्टी स्क्रू फिरवून हवी तेवढी वर-खाली होते.

हे लिहिण्याआधी बाईंना फोन केला. त्यांनी नाव छापू नको असं बजावलं आहे, म्हणून इथेही त्या 'शिवणाच्या बाई'. शाळेत एकच होत्या, ओळखायला कुणाला अडचण नाही. सरांचं नाव का घेतलंस, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते हे : "नाड्या टिकल्या का गं?"

तीनपैकी दोन टिकल्या आहेत. गादी साडेसात इंच लांब, साडेचार रुंद, आत पट्ट्या पाच. सहावी माझ्याकडून हरवली. मेळाव्याच्या दिवशी फोटोंच्या टेबलावर ठेवणार आहे.